बाबा एकदा जेवले होते ते घर

फणसाच्या आठळ्या सोलणं हे मुलांना घरातून पळवून लावणारं काम आहे. वरचं पांढरं कवच चटकन निघतं, पण आतली तपकिरी साल खरवडताना नखं दुखतात, बोटं काळी पडतात आणि टोपलीतला ढीग काही कमी होत नाही. गोव्यात, साखळी गावी, आमच्या घरी या आठळ्या लाल मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवलेल्या असायच्या. पावसात मासळी मिळेनाशी झाली की आई त्या बाहेर काढायची आणि आम्हा भावंडांना बसवायची. आम्ही उठून जाऊ नये म्हणून बाबा समोर पाट घेऊन बसायचे आणि गोष्ट सांगायचे.

बाबांना गोष्टी पुष्कळ येत होत्या, पण आठळ्यांची म्हणून एकच ठरलेली होती. ती त्यांची स्वतःची होती.

बाबा मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी खनिजाचे ट्रक चालवायला म्हणून डिचोलीत आले आणि इथलेच झाले. पावसाळ्यात खाणींचं काम बंद असायचं, ट्रक उभे राहायचे. मग बाबा साखळीच्या एका व्यापाऱ्याचा माल पोचवायचे. अशाच एका पावसात ते कांद्याची पोती घेऊन वाळपईच्या पुढच्या एका गावी निघाले होते. लग्न तेव्हा झालेलं नव्हतं. आदल्या रात्री ट्रक बिघडला, त्यात पोटात काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गाव दिसायला लागलं आणि मध्ये नदी आली. साकव पाण्याखाली गेला होता. बाबांनी तरीही ट्रक घातला आणि तो मध्येच बसला.

नदीची रुंदी आठळ्यांवर अवलंबून असायची. टोपली भरलेली असली तर पलीकडचा काठ दिसतसुद्धा नसे, झाडं वाहून जात, एकदा तर एक म्हैस वाहत आली होती. टोपली अर्धी असली तर बाबा दोन वाक्यांत पलीकडे पोचायचे.

पलीकडच्या काठावर एक घर होतं. दारात एक नवी सून उभी. तिने बाबांना आत बोलावलं, कोरडा टॉवेल दिला, पान मांडलं. उकड्या तांदळाचा भात आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घालून केलेलं आठळ्यांचं तोंडाक, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावलेली दाट आमटी. बाजूला तिची सासू बसली होती. ती बिचारी मुकी होती. बाबा जेवत होते तोवर ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, एक शब्द बोलली नाही.

"आणि ता तोंडाक," बाबा इथे थांबायचे, "तसला तोंडाक मी परत खंय खाल्लंय नाय. तेका एक वास हुतो. धुराचो म्हणा, कसलो म्हणा. जिभेर रवलो तो रवलोच."

हे वाक्य आलं की स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज यायचा.

आईने त्या वासाचा खूप शोध घेतला. ती काही हार मानणारी नव्हती. तिने खोबरं मंद भाजून पाहिलं, लालभडक भाजून पाहिलं. तिरफळं घालून पाहिली. सुंगटं आधी निखाऱ्यावर भाजली. एकदा मातीचं भांडं मुद्दाम डिचोलीच्या बाजारातून आणलं. दर वेळी बाबा घास घ्यायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, "बरा झालाहा. पण ता नाय."

"मग जावा तिच्याकडे जेवूक," आई म्हणायची.

खरं तर जायला काय हरकत होती, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडायचा नाही. वाळपई साखळीहून काही लांब नाही. आम्ही तिथे बाजाराला जायचो, सरकारी कामांना जायचो. पण वाळपईच्या पुढे जाण्याचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, आता तिकडे पूल झाला, रस्ता बदलला, ते घर सापडायचं नाही. आता वाटतं, त्यांना ते सापडायला नको होतं. इतकी वर्षं हाताळलेली गोष्ट, ती उगाच कुणी तपासून का बघावी.

मी लग्न होऊन पेडण्याला आले. तिथल्याच शाळेत शिकवते. भाऊ नोकरीसाठी बाहेर गेला. खाणी बंद पडल्या तेव्हा बाबा ट्रकवरून उतरले ते कायमचे. आता ते सकाळी दारावर येणाऱ्या पदेराचा भोंगा वाजला की उंडे, म्हणजे गोल पाव, घेतात, चहात बुडवून खातात आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. श्रोता मिळाला तर गोष्ट सांगतात.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन साखळीला आले. सासरच्या फणसाच्या आठळ्यांची पिशवी बरोबर होती. आईने लगेच त्या निवडायला काढल्या. मुलगी बसली, बाबा पाट घेऊन समोर बसले, आणि मी लहानपणी ऐकलेली तीच गोष्ट तिसऱ्या पिढीपुढे सुरू झाली. म्हैस वाहून गेली. मुकी सासू बघत बसली. तोंडाकाचा वास जिभेवर राहिला.

मुलीने सगळं नीट ऐकलं आणि आजीला विचारलं, "तू बघितलीस ती बाई?"

आईचा हात थांबला. "नाय गो."

"एवढी वर्षं गोष्ट ऐकतेस आणि बघितली नाहीस?"

आईने पुढची आठळी उचलली. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "उद्या गाडी काढ. माका ती बाई बघूची आसा."

बाबा म्हणाले, "अगो, ती आसा की नाय कोणाक ठाऊक."

"नसली तर घर बघून येऊया."

"घर पडला आसतला."

"तर जागा बघून येऊया," आई म्हणाली.

सकाळी आईने लग्नकार्याला नेसायची साडी नेसली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून उंडे घेतले, केळ्यांचा फणा घेतला आणि सोललेल्या आठळ्यांचा डबा घेतला. बाबा माझ्या शेजारी बसले आणि साखळी सुटेपर्यंत माझं गाडी चालवणं दुरुस्त करत राहिले. गियर उशिरा बदलतेस, ब्रेक लवकर मारतेस. मागे आई आणि मुलगी उंड्यांच्या गरम वासात बसल्या होत्या. वाळपईच्या बाजारात थांबून चहा घेतला. तिथून पुढची वाट बाबांनी सांगायची होती. मी म्हटलं, "बाबा, आता कुठे?" तर म्हणाले, "सरळ." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तर पुन्हा सरळच.

ज्या दुकानात कांदे पोचवायचे होते ते दुकान सापडलं. तिथे आता मोबाइल विकायला होते. आतल्या तरुणाला बाबांनी विचारलं, जुन्या साकवाजवळ एक घर होतं, तिथले लोक आहेत का. तो म्हणाला, आहेत की, तुम्ही आलात तो पूल ओलांडला की उजवीकडचं पहिलंच, मागे राहिलं.

मागे फिरून पुलावर आलो तेव्हा बाबांनी गाडी थांबवायला लावली. आम्ही सगळे उतरून कठड्याशी उभे राहिलो. खाली एक ओहोळ होता. उन्हाळ्यात पाणी आटलेलं, मधल्या दगडांवरून कोंबड्या पलीकडे चालल्या होत्या.

आईने कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. मग गोष्टीतली नदी शोधत असल्यासारखी म्हणाली, "ही न्हंय?"

"पावसात बघूक व्हयी," बाबा म्हणाले.

"म्हैस खंयसून वाहत इली?" मुलीने आजोबांच्या बोलीत विचारलं. बाबा गाडीत जाऊन बसले.

घराला पुढे सिमेंटचा नवा भाग होता, मागे जुनी कौलं होती. अंगणात चटईवर कोकमाची सोलं वाळत घातली होती आणि एक बाई वाकून ती उलटवत होती. केस सगळे पांढरे, पण हात झरझर चालत होते. गाडीचा आवाज ऐकून ती सरळ झाली. बोटं कोकमाने लाल झालेली.

बाबा पुढे गेले. "वयनी, तुमी माका वळखूच्या नाय. खूप वर्सां झाली. पावसात माझो ट्रक हंय पाण्यात बसलो हुतो."

ती बघत राहिली.

"कांद्यांचो ट्रक?" ती म्हणाली.

"होय."

ती मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली. पदराने डोळे पुसत तिने आत हाक मारली. आतून तिची सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "अगो, हो पळय. कांद्यांचो ट्रकवालो आयला."

सुनेने बाबांकडे असं पाहिलं की जणू भिंतीवरचा फोटो खाली उतरून आला आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या घरी काहीही करपलं की यांची आठवण निघते."

आम्हाला कुणालाच काही कळलं नाही. आई पुढे झाली. "करपला म्हणजे?"

मग पायरीवर बसून त्या बाईने तिची गोष्ट सांगितली. ती कोकणीत बोलत होती, आई-बाबा मालवणीत विचारत होते, आणि मध्ये कुणालाच अडत नव्हतं.

तेव्हा तिच्या लग्नाला महिना-दोन महिने झाले होते. नवरा कामावर, सासू शेजारी गेलेली. तोंडाक चुलीवर होतं आणि बाहेर ट्रकचा मोठा आवाज झाला. ट्रक पाण्यात बसलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. ती धावत बाहेर आली आणि बघत उभी राहिली. ड्रायव्हर पाण्यातून चालत काठावर येईपर्यंत ती तिथेच. आत आली तेव्हा तोंडाक तळाला पार लागलेलं. घरभर करपल्याचा वास.

सासू कडक होती. परवाच भात मऊ झाला म्हणून तिने अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं सुनावलं होतं. ही रडकुंडीला आली. आणि दारात हा भिजलेला माणूस उभा, म्हणतो, वहिनी, खायला काही मिळेल का. घरात दुसरं काही नव्हतं. तिने तेच वाढलं आणि तोंड फिरवून उभी राहिली.

तेवढ्यात सासू आली. तिला वास आला. ती चुलीशी गेली, भांड्यात बघितलं, बाहेर येऊन कमरेवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. त्याच क्षणी बाबा म्हणाले होते, "काकी, असला तोंडाक मी जन्मात खाल्लंय नाय. वाईच आनी वाढा."

"सासूमांय बसलीच," ती बाई म्हणाली. "पाहुण्यासमोर काय बोलणार? तो मागतोय, मी वाढतेय, आणि ती नुसती बघतेय. भांडं रिकामं झालं तरी तिच्या तोंडातून शब्द नाही."

इतका वेळ माझी मुलगी तिच्या शेजारी बसून सोलं हुंगत होती. ती म्हणाली, "म्हणजे त्या मुक्या आजी होत्या त्याच ना?"

"मुकी?"

मुलीने आजोबांकडे बोट दाखवलं. "आजोबा म्हणतात त्या मुक्या होत्या."

त्या बाईला जे हसू आलं ते मी विसरणार नाही. तिने सुनेचा हात धरला, सून भिंतीला टेकली, आणि मग आईला सुटलं. आई कधी मोठ्याने हसत नाही. तीही पायरीवर बसली आणि दोघी एकमेकींच्या खांद्याला हात लावून हसत राहिल्या.

"ती मुकी?" बाई कशीबशी म्हणाली. "ती या अंगणातून बोलली की ओहोळापलीकडची गुरं मान वर करायची."

बाबा उभेच होते. त्यांच्या गोष्टीतली मुकी सासू अचानक बोलू लागली होती आणि त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. मग तेही हसले.

हसून झाल्यावर ती बाई जरा गंभीर झाली. म्हणाली, त्या दिवसानंतर सासूने तिच्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवलं नाही असं नाही, पण आवाज खाली आला. कुणी बाहेरचा माणूस तिच्या हातचं मागून मागून जेवला, हे सासूच्याही लक्षात राहिलं. पुढे या बाईने स्वतःच्या सुनांना ही गोष्ट सांगितली. काही लागलं, करपलं, आणि पोर घाबरली की ती सांगायची, बस, एक ड्रायव्हर होता, त्याने माझी अब्रू राखली.

तिने बाबांना विचारलं, "खरं सांगा. तुम्हाला कळलं होतं ना करपलंय ते?"

बाबांनी प्रामाणिकपणे मान हलवली. "नाय वयनी. माका काय एक कळला नाय. पोटात आदल्या दिसापासून काय नव्हता. माका ता खरोखरच आवडला."

ती हसली. "चांगला माणूस असंच म्हणणार."

बाबांनी पुन्हा सांगून पाहिलं. तिने मानलं नाही. इतकी वर्षं तिने त्यांना दयाळू ठरवलं होतं आणि ते आता त्यांच्या एका शब्दावर ती सोडणार नव्हती.

आई मात्र दुसऱ्याच विचारात होती. तिच्या डोक्यात खोबरं, तिरफळं, मातीचं भांडं, सगळं फिरत असणार. ती उठली. "वयनी, चूल आसा तुमच्याकडे?"

घराच्या मागे आंघोळीच्या पाण्याची चूल होती. आईने डबा उघडला. त्या बाईने नारळ फोडला, सुनेने सुंगटं काढली. मी वाटप लावलं. तोंडाक दोन भांड्यांत केलं, अर्धं आत गॅसवर, अर्धं मागच्या चुलीवर, करपवण्यासाठी.

करपवणं सोपं नव्हतं. दोघी चुलीसमोर बसल्या आणि तोंडाक उकळायला लागलं की एकीचा तरी हात डावाकडे जायचा. एक ढवळायची, दुसरी म्हणायची, नको, राहू दे. मग ती राहू द्यायची आणि दुसरीलाच राहवायचं नाही. जन्मभर जे होऊ नये म्हणून जपलं ते मुद्दाम होऊ द्यायला हात तयार होईना. शेवटी त्या बाईने आईला हाताला धरून उठवलं आणि ट्रक कुठे बसला होता ती जागा दाखवायला ओहोळावर घेऊन गेली. त्या तिथे बोलत बसल्या. परत आल्या तेव्हा मागच्या अंगणात काळपट वास पसरला होता.

आम्ही पानावर बसलो. बाबांच्या भातावर ते तोंडाक घातलं. सगळ्या बायका उभ्या राहून बघत होत्या. बाबांनी घास घेतला आणि डोळे मिटले.

"ह्याच," ते म्हणाले. "ह्योच वास."

त्यांनी दुसरा घास घेतला. तिसऱ्याला जरा वेळ लावला. मग पाण्याच्या भांड्याकडे हात नेला.

आईने बोटाने चाखून पाहिलं. "कडू झालाहा."

"होय," बाबा म्हणाले.

"तेव्हा भूक हुती," आई म्हणाली.

"तीच चव आसतली," बाबा म्हणाले, आणि जरा ओशाळून पान पुढे सरकवलं.

आईने आत जाऊन दुसरं भांडं आणलं. ते तोंडाक सगळ्यांनी खाल्लं. मुलीने आठळ्या वेचून वेचून खाल्ल्या, सुनेने रेसिपी विचारली, त्या बाईने वाटी लावून चाटली. बाबांनी दोनदा मागून घेतलं.

"कसा झालाहा?" आईने विचारलं.

"बरा."

"कोणासारखा?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या थांबल्या होत्या. "तुझ्यासारखा," ते म्हणाले.

आईने त्यांच्या भातावर आणखी एक डाव घातला.

परतताना गाडीत एक पिशवी सोलांची होती, एक भोपळा होता आणि मुलीच्या मांडीवर त्यांच्या परसातली अळूची रोपं मातीसकट. बाबांनी मला एकदाही गियरवरून टोकलं नाही. वाळपई मागे पडल्यावर मुलगी म्हणाली, "आजोबा, आता गोष्ट बदलायला लागेल." बाबा म्हणाले, "वाईच." मग खिडकीतून बाहेर बघत मनाशी काहीतरी जुळवत राहिले.

हल्ली ते ती गोष्ट सांगतात तेव्हा सासू बोलायला तोंड उघडते आणि बंद करते. लोक तिथे हसतात. पूर्वी कुणी हसत नसे, हळहळायचे. बाबांना हे नवं हसणं आवडलेलं दिसतं, कारण त्या जागी ते आता पूर्वीपेक्षा जास्त थांबतात. करपल्याची गोष्ट मात्र ते शेवटी, घाईघाईत सांगतात. तिकडे ओहोळापलीकडच्या घरात ती अगदी सुरुवातीला येत असणार.

आईची आणि त्या बाईची मात्र गोष्टीच्या बाहेर मैत्री झाली आहे. दुपारी जेवणं उरकली की फोन लागतो. आज काय केलं, उद्या काय करणार, वाल कोवळे मिळाले का, कुणाचे गुडघे कसे आहेत. बाबा बाजूला बसून एकतर्फी ऐकत असतात. एकदा त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलतात?" आई फोन हाताने झाकून म्हणाली, "तुमचो विषय कदीच संपलो."

त्या बाईच्या नातीचं लग्न आता ठरलंय. आईला तिने आठ दिवस आधी बोलावलंय, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला. बाबांनी विचारलं, मी कधी येऊ. फोनवरून निरोप आला, तुम्ही लग्नाच्या दिवशी, जेवायच्या वेळेला या.